कानातली बाई

तिनं इयरफोन कानात दाबून बसवला, वरून केस ओढून घेतले आणि आरशात बघितलं. आरशात ती होती, आणि तिच्या मागे बुटक्या टेबलापाशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली तिची लेक, भिंगरी.

"येतंय ना ऐकू, ताई?" कानात आवाज आला. मध घालून ढवळलेला आवाज. "येत असेल तर मान हलवा."

तिनं नंदीबैलासारखी मान हलवली. तो आवाज आरशापलीकडे बसला होता. त्याला ती दिसत होती, तिला तो दिसत नव्हता. पहिल्याच दिवशी तिला सगळं समजावून सांगण्यात आलं होतं. हा आरसा नाही, काच आहे. या खोलीत उजेड आणि पलीकडे अंधार असला की पलीकडून इकडचं सगळं दिसतं, इकडून मात्र आपलं आपल्यालाच दिसतं. म्हणून तर दिव्याच्या बटणाखाली चिठ्ठी चिकटवली होती: दिवा बंद करू नये. तुम्ही मुलीशी खेळायचं, आम्ही पलीकडून बघायचं, आणि काय बोलायचं ते कानात सांगायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं तिला तेव्हाच वाटलं होतं. इथे तर शेळीला उंट दिसतही नव्हता.

"शेवटची बैठक आज," आवाज म्हणाला. "दडपण घेऊ नका. नेहमीसारखंच खेळा."

नेहमीसारखंच! तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

नेहमीसारखं म्हणजे भिंगरी इथे यायची, चपला जोडीनं काढून ठेवायची, विचारल्याशिवाय खेळण्याला हात लावायची नाही. सात वर्षांच्या पोरीनं इतकं शहाणं वागावं की बघणाऱ्याला शंका यावी. पण इथल्या बघणाऱ्यांना शंका आली ती आईची. भिंगरी हे नाव तिला मामानं ठेवलं होतं, पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरली नव्हती म्हणून. तीच भिंगरी या खोलीत पाऊल टाकलं की खांब व्हायची.

आणि घरी? घरी ताट भिंतीवर जायचं. दप्तरातली पुस्तकं फाटून खाली पडायची. झोप तर तिला माहीतच नव्हती. रात्र रात्र ती उशीचा जुना अभ्रा नाकाशी धरून डोळे टक्क उघडे ठेवून पडायची, आणि मधेच उठून दारावर डोकं आपटायची. शेजारच्या काकू धावत यायच्या. अडवायला गेलं की चावायची. आईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत दातांच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही अजून जांभळ्या. ती इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायचं काम करायची. तिथे बाह्या गुंडाळाव्या लागत, आणि लोक बघत. इथे ती लांब बाह्यांचं घालून यायला लागली होती, कारण इथे लोक जास्तच बघत.

पहिल्या आठवड्यात तिनं बाही वर करून दाखवली होती. मधाच्या आवाजाच्या मॅडमनी मान तिरकी करून विचारलं होतं, "अरेरे. आणि त्याच्या आधी तुम्ही काय केलं होतंत?"

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा कारभार. पोरगी झोपत नाही, स्वतःला मारून घेते, तिला मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवायचंय, एवढंच तर तिचं म्हणणं होतं. त्यावर या केंद्रातून उत्तर आलं की आधी पालकांचा वर्ग. वर्ग पूर्ण झाला की मग मुलीचं बघू. आणि वर्गातसुद्धा जागा होईल तेव्हा कळवू, तोवर धीर धरा. धीर! तिनं धीर धरला. फोन केले की पलीकडे गाणं वाजायचं, मग एक बाई दुसऱ्या बाईकडे फोन द्यायची, दुसरी म्हणायची, सगळ्यांच्याच मुलांना काही ना काही असतं हो.

एक दिवस तिचा बांध फुटला. भिंगरी आतल्या खोलीत जरा डोळा लागून पडली होती. आई बाहेर उभी राहून फोनवर ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. "तुम्हाला खोटं वाटतंय ना? मग या आणि घेऊन जा तिला! ठेवा चार दिवस तुमच्याकडे, म्हणजे कळेल! मला नको!" आणि काय चमत्कार, त्याच आठवड्यात वर्गाला बोलावणं आलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे तिला ठाऊकच होतं. त्या ओरडण्याचा तिला आजही थोडा अभिमान होता.

तिचं ओरडणं तसं गल्लीत नावाजलेलं होतं. भिंगरीच्या बापाशी शेवटचं भांडण झालं तेव्हा तिनं दार सताड उघडून "चालता हो" म्हणून असा आवाज टाकला होता की समोरच्या घरातले दिवे लागले. तिला वाटलं होतं, कोपऱ्यापर्यंत जाईल, डोकं थंड करून परत येईल. तो चालता झाला तो झालाच.

"ताई," कानात आवाज आला, "सुरुवात करूया? ती काय करतेय ते बोलून दाखवा."

इथले नियम तिला आता पाठ झाले होते. प्रश्न विचारायचा नाही. हुकूम सोडायचा नाही. टोमणा मारायचा नाही. मूल जे करतं ते तोंडानं सांगायचं, रेडिओवर सामना सांगतात तसं, आणि चांगलं केलं की लगेच नेमकं कौतुक करायचं. प्रश्न, हुकूम आणि टोमणे काढून टाकले तर आईपाशी बोलायला उरतं काय, असं तिनं एकदा विचारलं होतं. मॅडम हसल्या होत्या. ती हसली नव्हती.

"भिंगरी ठोकळ्यांची पेटी उघडतेय," ती म्हणाली.

भिंगरीनं लाकडी ठोकळ्यांची पेटी उघडली. एक लाल ठोकळा खाली ठेवला, त्यावर निळा.

"भिंगरीनं लालवर निळा ठेवला."

"सुंदर. कौतुक."

"किती सरळ ठेवलास गं."

"थँक्यू, आई," भिंगरी म्हणाली.

आईच्या डोक्यात तिडीक गेली. घरात या पोरीनं कधी जन्मात कुणाला थँक्यू म्हटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात बैठक संपल्यावर मोठ्या मॅडमनी तिला बाहेरच गाठलं होतं, जाता जाता, चष्मा डोक्यावर चढवून. केंद्र त्यांच्या हाताखाली चालायचं. डॉक्टरकडे कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही, हे त्याच ठरवायच्या. "आम्हाला तर मुलीत काही दिसत नाही बुवा," त्या म्हणाल्या होत्या. "गोड आहे की पोरगी. शेवटची बैठक बघू आणि फाइल बंद करून टाकू."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरची गरजच नाही म्हणजे. चांगली बातमी आहे की ही. तुम्ही छान शिकलात."

त्या चांगल्या बातमीनं तिच्या अंगाचा जो भडका उडाला होता, तो अजून विझला नव्हता. काल पहाटे भिंगरी दारावर डोकं आपटून आपटून तिथेच बसली होती, कपाळाला टेंगूळ घेऊन. आज सकाळी ते टेंगूळ केसांच्या बटेखाली तिचं तिनंच लपवलं होतं. आरशात बघून, दोन्ही हातांनी केस पुढे ओढून. आईनं ती बट बाजूला केली तर पोरीनं परत पुढे घेतली.

तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं. आज काहीही होवो, भिंगरीनं इथे थैमान घातलं पाहिजे. या काचेसमोर, या लोकांच्या डोळ्यांदेखत, एकदा तरी. दाखवल्याशिवाय दिसत नाही म्हणता काय? मग दाखवते.

अभ्रा तिनं मुद्दाम घरी ठेवला होता. इस्पितळाच्या लाँड्रीतून बाद झालेला, धुऊन धुऊन कागदासारखा पातळ पडलेला तो अभ्रा हातात नसेल तर भिंगरी एरवी घराचा उंबरठा ओलांडायची नाही. वाटेत बसमध्ये तिनं पिशवीत हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"आई, अभ्रा?"

"राहिला वाटतं."

आता, आता सुरू होईल, म्हणून तिनं शेजारच्या दांड्याला घट्ट धरलं. भिंगरीचा खालचा ओठ थरथरला. मग तिनं पिशवीची चेन सावकाश लावली आणि खिडकीबाहेर बघत बसली. ती चेन लावण्याची रीत बघून आईला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. पण म्हटलं, नाही. आज नाही तर कधीच नाही.

ठोकळ्यांचा मनोरा आता भिंगरीच्या हनुवटीपर्यंत आला होता. ती श्वास धरून वरचा ठोकळा ठेवत होती.

"बघा, किती एकाग्र आहे," कानातला आवाज म्हणाला. "हे सांगा तिला. तू किती मन लावून..."

आईनं कोपर पुढे सरकवलं.

मनोरा धाडदिशी कोसळला. ठोकळे टेबलावरून घरंगळले, काही खुर्चीखाली, काही थेट भिंतीपर्यंत. कानातला आवाज मधेच बंद पडला.

घरी असं झालं असतं तर आतापर्यंत खुर्ची उलटी झाली असती. भिंगरीनं पडलेल्या ठोकळ्यांकडे बघितलं. तिच्या मुठी वळल्या. मानेवरची शीर फुगली, डोळे भरले, चेहरा लालेलाल झाला. आई मनातल्या मनात म्हणत होती, कर, कर बाई, कर एकदाचं. भिंगरीनं आरशाकडे एक नजर टाकली. मग मुठी उघडून तळवे मांडीवर पुसले.

"असू दे, आई," ती म्हणाली. "चुकून झालं."

"वा!" कानात आवाज फुलला. "वा, ताई! बघितलंत? राग किती छान आवरला तिनं. हे वर्गाचं यश आहे. कौतुक करा, लगेच करा."

सात वर्षांच्या पोरीनं इतका राग गिळला, आणि कौतुक करा म्हणे. कसलं यश? पोरगी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय आणि हे टाळ्या पिटताहेत. कान उपटून काढावा असं तिला झालं, इयरफोनसकट.

तेवढ्यात भिंगरी उठली. टेबलाला वळसा घालून आईजवळ आली. एक हात आईच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं तिच्या कानावरचे केस बाजूला केले आणि तोंड अगदी कानाशी नेलं.

आपण म्हणू, आईला काहीतरी सांगायला आली. पण ती आईला सांगायला आली नव्हती.

सुरुवातीच्या एका बैठकीला तिनं विचारलं होतं, "आई, कानात कोण बोलतं?" आई तेव्हा दमलेली होती, चिडलेली होती. म्हणाली, "बाई बसलीय कानात. सगळं ऐकते, सगळं बघते." "एवढीशी आहे?" "हो, एवढीशी. पण मोठी आगाऊ आहे." विनोद म्हणून बोलली आणि विसरून गेली. तेव्हापासून भिंगरी तिला कानातली बाई म्हणायची. आईला ते गमतीचं वाटायचं.

"बाई," भिंगरी आता कानात कुजबुजली, "मी आजपण शहाणी वागले. तुम्ही बघितलंत ना?"

तिचा श्वास गरम होता.

"आईनं तुम्हाला फोनवर सांगितलं ना, घेऊन जा म्हणून. पण मला नका नेऊ. बाबाला पण आई ओरडून म्हणाली जा, तर तो गेलाच. आई ओरडली की तसंच होतं. मी घरी पण शहाणी होणार आहे. मला जमत नाही, पण होणार आहे. तुम्ही आईला नका सांगू, मी सांगितलं ते."

एवढं बोलून तिनं आईच्या कानावर केस पुन्हा नीट ओढून बसवले, दार लावून घ्यावं तसे, आणि जागेवर जाऊन बसली. हात मांडीवर.

"ताई," कानात आवाज आला, "केवढा सुंदर क्षण होता हा! तिनं आपणहून जवळीक साधली. पण काय म्हणाली ते आम्हाला माइकमध्ये आलं नाही. जरा मोठ्यानं बोलायला सांगता का तिला?"

म्हणजे त्या फोनच्या दिवशी पोरीचा डोळा लागलेला नव्हता. डोळे मिटून ती ऐकत पडली होती. घेऊन जा तिला. मला नको. आणि त्याच आठवड्यात आई तिला घेऊन इथे यायला लागली, जिथे आरसा असतो, आणि आईच्या कानात एक बाई बसून सगळं बघते. इतके महिने पोरगी दर आठवड्याला परीक्षेला बसत होती. पास झाली तर आईकडे राहायचं, नापास झाली तर जायचं. आणि घरी गेल्यावर, जिथे कुणी बघत नव्हतं तिथे, बाप गेल्यापासून साचलेली आणि त्या फोननं वाढवलेली ती भीती ताटातून, पुस्तकांतून, दारावरून बाहेर पडत होती. रात्री डोळे मिटायची सोय नव्हती. झोपेत कुणी उचलून नेलं तर?

आणि आई काय करत होती? आज तिला नापास करायला घेऊन आली होती.

तिला स्वतःचाच राग आला. असा राग तिला भिंगरीच्या बापाचा आला नव्हता, फोनवरच्या बायांचा आला नव्हता. पण तो बाजूला ठेवून तिनं आधी भिंगरीचा हात धरला आणि वर्गात शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "तुला कुणीही कुठे नेणार नाही, राजा."

"बरं," भिंगरी म्हणाली. तिच्याहून मऊ आवाजात. आणि तिच्या कानाकडे बघत विचारलं, "असं बाई म्हणाली?"

झालं. इथे आईच्या तोंडून जो शब्द निघतो तो बाईचा असतो, हे पोरीला इतक्या बैठकांनी चांगलं शिकवलं होतं. वर्गाचं यश ते हेच.

"ताई, मोठा श्वास घ्या," आवाज म्हणाला, "तुमचे खांदे वर गेलेत. मी सांगते तसं..."

तिनं इयरफोन उपटला आणि टेबलावर ठेवला. उठली. दाराशी गेली. चिठ्ठीकडे बघितलं आणि दिवा बंद केला.

खोलीला खिडकी नव्हती. अंधार झाला तशी भिंगरी खुर्चीला चिकटली. आता पलीकडच्यांनाही काही दिसेना. तिथे कुणीतरी गडबडलं, कशावर तरी आदळलं, आणि काय झालं बघायला म्हणून त्यानं आपल्या बाजूचा दिवा लावला.

आरसा नाहीसा झाला. त्या जागी एक उजळलेली अरुंद खोली होती, आणि तीत तीन माणसं. मधाच्या आवाजाच्या मॅडम माइक तोंडाशी धरून अर्धवट उठलेल्या. मोठ्या मॅडम, चष्मा डोक्यावर. आणि भिंतीला टेकून एक तरुण, ज्याला तिनं उभ्या जन्मात कधी पाहिलं नव्हतं. शिकायला वगैरे आला असेल. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या हातात चहाचा कप होता, बिस्कीट कपात बुडवलेलं. ते तुटून आत पडलं तरी त्याचा हात तसाच राहिला.

तिनं इकडचा दिवा पुन्हा लावला, आणि दोन्हीकडे उजेड झाल्यावर दोन्हीकडचं एकमेकांना दिसू लागलं. ती काचेजवळ गेली. इतकी जवळ की तिच्या श्वासानं काच धुरकटली.

"ऐका," ती ओरडली.

हा तिचा घरचा आवाज होता. गल्लीला ठाऊक असलेला. काच झणझणली असेल-नसेल, तरुणाचा चहा मात्र सांडला.

"नीट ऐका तिघंही! फोनवर मी म्हटलं होतं घेऊन जा, ते तुमच्यावरच्या रागानं म्हटलं होतं! खोटं होतं ते! ही माझी पोरगी आहे! शहाणी असली तरी माझी, वेडी असली तरी माझी, मला चावली, मारलं, घर जाळलं तरी माझी! हिला कुणी नेणार नाही! कुणी हात तर लावून बघा! एकेकाची तंगडी मोडून ठेवीन!"

शेवटच्या शब्दाला तिचा घसा फाटला. पलीकडे मोठ्या मॅडमचं तोंड उघडलं आणि मिटलं. काचेतून शब्द ऐकू आले नाहीत. पहिल्यांदाच तिला त्यांचं काही ऐकावं लागत नव्हतं.

मागे खुर्ची सरकली.

भिंगरी उभी राहिली होती. मान थोडी कलती करून ती ऐकत होती, आवाज थांबल्यावरही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

"हे कुणी सांगितलं बोलायला?"

"कुणी नाही. माझं मीच बोलले."

भिंगरीनं टेबलावरचा इयरफोन चिमटीत धरला, उलटसुलट करून पाहिला आणि कानाला लावला. आतून मुंगीएवढा आवाज येत होता, ताई, शांत व्हा, ताई, प्लीज. तिनं काचेकडे पाहिलं. मॅडमचे ओठ हलत होते. ओठ थांबले की कानातलंही थांबायचं.

"ती तिथे आहे," भिंगरी म्हणाली.

"हो."

"कानात नाहीये."

"नाही."

"चांगली मोठी आहे की."

"आहे ना. खोटं बोलले होते मी."

भिंगरीनं इयरफोन खाली ठेवला. जमिनीवर पडलेला लाल ठोकळा उचलला, हातात तोलला, आईकडे एकदा बघितलं आणि सगळा जोर लावून काचेवर फेकला.

पलीकडे तिघंही दचकून मागे सरले. मग दुसरा ठोकळा गेला. मग पेटी. मग खुर्ची उलटी झाली, आणि पोरीच्या तोंडून तो आवाज निघाला जो आजवर फक्त घराच्या भिंतींनी ऐकला होता. केस मागे उडाले, कपाळावरचं टेंगूळ उघडं पडलं. ती किंचाळत होती, पाय आपटत होती, भिंतीवर लाथा मारत होती. खांबाची पुन्हा भिंगरी झाली होती.

मोठ्या मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पेन उचललं. आता त्यांना दिसत होतं. हेच दाखवायला ती आज आली होती. लिहिताहेत तर लिहू देत, डॉक्टरकडे तर न्यायचंच होतं. पण तिच्यानं ते बघवेना. ती काच आणि पोरगी यांच्या मधे गेली आणि काचेकडे पाठ करून जमिनीवर फतकल मारून बसली.

दार किलकिलं झालं. मधाचा आवाज दारात उभा होता, माइकशिवाय, साधा, घाबरलेला. "ताई, मी येऊ का आत? काही मदत..."

"थांबा," मागे न बघता ती म्हणाली. "तिचं व्हायचंय अजून."

दार उघडंच राहिलं. मॅडम उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. त्यांनी काही सुचवलं नाही.

"भिंगरीनं निळा ठोकळा फेकला," आई म्हणाली. घसा बसल्यामुळे आवाज खरखरत होता. कुणी सांगितलं म्हणून ती बोलत नव्हती, दुसरं काही सुचत नव्हतं. "आता पिवळा. भिंगरी खूप चिडलीय. भिंगरीनं खुर्चीला लाथ मारली. पाय दुखला असेल."

ठोकळे संपले. खोलीत फेकायला काही उरलं नाही. भिंगरी धापा टाकत मधोमध उभी राहिली, नाक पुसत. मग आईसमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"अभ्रा कुठाय?"

"घरी. मी मुद्दाम ठेवला."

"का?"

"तू इथे चिडावीस म्हणून. यांनी बघावं म्हणून."

भिंगरीनं यावर बराच विचार केला. मग आईचा उजवा हात ओढून घेतला, बाही कोपरापर्यंत वर सारली, खुणांमधली एक मोकळी जागा शोधली आणि तिथे चावली. काचेपलीकडे पेन थांबलं. उंबऱ्यातल्या मॅडम एक पाऊल पुढे आल्या आणि तिथेच थबकल्या.

आईनं हात काढून घेतला नाही.

"भिंगरी आईला चावली," ती म्हणाली. "फार जोरात नाही."

तोंडातला हात न सोडता भिंगरीनं मान हलवली.